भांड्यावरचं नाव

मागच्या दिवाळीत आई-बाबा इकडे आले होते. आमच्या रॉलीपासून साधारण दीड तासावर सीग्रोव्ह म्हणून कुंभारांचं गाव आहे, तिथे त्यांना घेऊन गेलो. एका दुकानात आईने वाडगा उचलला, उलटा केला आणि विचारलं, "नाव कुणाचं घातलंय रे?" तिच्या डोक्यात आपली स्टीलची भांडी! मी हसलो खरा, पण या गावाचा इतिहास त्या प्रश्नातच आहे.

इथे अठराव्या शतकापासून कुंभारकाम चालतं. पण पुढे काचेच्या बरण्या आणि पत्र्याचे डबे स्वस्त झाले. त्यात १९०८ साली नॉर्थ कॅरोलायनाने दारूबंदीला कौल दिला आणि व्हिस्कीच्या बुधल्यांचं गिऱ्हाईकच गेलं. चाकं थांबायला लागली.

अशा वेळी रॉलीच्या एका कलावंत जोडप्याने इकडे लक्ष दिलं. जॅक बझबी चित्रकार, तर बायको ज्युलियाना छायाचित्रकार. १९१७ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये चहाचं दुकान काढलं आणि तिथे ही भांडी विकायला ठेवली. १९२१ च्या सुमारास दोघांनी सीग्रोव्हजवळ स्वतःचा कारखाना उभारला. नाव ठेवलं 'जगटाऊन'. खरं तर दारूचे बुधले करणाऱ्या वस्तीला हिणवायचं ते नाव, पण यांनी त्याचाच ब्रँड केला!

१९२३ मध्ये बेन ओवेन हा तिथल्याच कुंभाराचा मुलगा कामाला लागला. वय विशीच्या आतलं. जॅकने त्याला म्युझियममध्ये नेऊन चीन, कोरिया, जपानची जुनी भांडी दाखवली. त्यातून लोणच्याच्या बरण्या घडवणाऱ्या गावात देखणे घट आणि फुलदाण्या घडू लागल्या. त्यांची तांबूस छटा असलेली निळी झिलई आजही संग्राहक शोधत असतात.

आम्ही कन्सल्टंट मंडळी क्लायंटला सल्ला देतो आणि गुरुवारी विमान पकडतो. बझबी मात्र तिथेच लाकडी ओंडक्यांच्या घरात राहिले. कलेची नजर त्यांची, बाजारही त्यांनी मिळवला. पण चाकावरचे हात बेनचे होते आणि भांड्याखाली शिक्का 'जगटाऊन वेअर'चा.

१९४७ मध्ये जॅक गेला. पुढे मालकीचा वाद कोर्टात पोचला. १९५९ मध्ये बेनने जवळच स्वतःची भट्टी घातली आणि शिक्का केला, 'बेन ओवेन, मास्टर पॉटर'. तब्बल ३६ वर्षांनी! जगटाऊनही टिकलं. १९६० पासून तिथे काम करणाऱ्या व्हर्नन ओवेन्स या कुंभारानेच १९८३ मध्ये ते विकत घेतलं. १९९८ मध्ये गावात कुंभारकलेचं केंद्र उघडलं. बेनचा नातू आज तिथला नावाजलेला कुंभार आहे.

आईला हे सगळं सांगितलं. वाडग्याखाली करणाऱ्याची सही होती. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"आपल्याकडे पणत्या, माठ कोण द्यायचं गं?" मी विचारलं.

"कुंभारमामा."

"त्यांचं नाव काय?"

आई बराच वेळ आठवत राहिली. घरी पोचेपर्यंत काही आठवलं नाही.