निकालपत्रकाबाहेरचा मार्गदर्शक: चांदा-गडचिरोलीतील क्रीडाश्रेयाचा इतिहास

संघाने अंतिम स्पर्धेत मिळवलेल्या यशावरून प्रशिक्षकांची प्रतवारी लावण्याची प्रथा विसाव्या शतकात रूढ झाली असून तिचे सर्वांत ठळक रूप अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये आढळते. तेथे हंगामातील नियमित सामने संपल्यावर निवडक संघांची राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीने, म्हणजे एक पराभव होताच संघ बाहेर पडेल अशा रीतीने, 1939 पासून खेळवली जाते आणि या स्पर्धेतील विजेतेपदे मोजूनच प्रशिक्षकांची थोरवी ठरवली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी 1964 ते 1975 या काळात 10 विजेतेपदे मिळवली, त्यामुळे पुरुषांच्या स्पर्धेपुरते त्यांचे नाव या प्रतवारीत अग्रस्थानी राहिले आहे. तथापि वुडन 1948 मध्ये त्या विद्यापीठात रुजू झाले होते आणि त्यांना पहिले विजेतेपद सोळाव्या हंगामात मिळाले, ही गोष्ट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. केवळ विजेतेपदे मोजणाऱ्या कोष्टकात त्यांची आधीची पंधरा वर्षे शून्यवत ठरतात.

ही प्रतवारी अपुरी असली तरी अमेरिकेत तिला काही आधार आहे, कारण तेथे खेळाडूंची निवड प्रशिक्षक स्वतः करतो, तो बहुधा अनेक वर्षे एकाच संस्थेत राहतो आणि पहिल्या सामन्यापासून अंतिम सामन्यापर्यंत तोच संघ त्याच्या हाताखाली खेळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या क्रीडा इतिहासात या तिन्ही अटी एकत्र आल्याचे क्वचितच दिसते, आणि म्हणून या भागात मार्गदर्शकाच्या कामाचे मोल कसे ठरवले गेले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरतो.

मध्य प्रांतातील जुना चांदा, म्हणजे पुढचा चंद्रपूर, जिल्हा 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी त्याच्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये 2011 पर्यंत नागपूरशीच संलग्न राहिली. या व्यवस्थेत महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरताच टिकतो. त्या स्पर्धेतून निरनिराळ्या महाविद्यालयांचे खेळाडू निवडून विद्यापीठाचा संघ बांधला जातो, त्याचे अल्पकाळाचे सराव शिबिर होते आणि विद्यापीठाने नेमलेला प्रशिक्षक व व्यवस्थापक यांच्यासह तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला व तेथून पात्र ठरल्यास अखिल भारतीय स्पर्धेला जातो. ब्रह्मपुरी, वरोरा किंवा आरमोरी येथील महाविद्यालयात एखाद्या खेळाडूला तीन वर्षे घडवणारा शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख अध्यापक, खेळाडू अंतिम सामना खेळत असताना त्याच्याजवळ असेलच असे नाही. यशाचे गुणही विद्यापीठाच्याच खात्यात जमा होतात: आंतरविद्यापीठ स्पर्धांतील एकूण कामगिरीसाठी 1956-57 पासून दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक हा विद्यापीठाचा सन्मान आहे, प्रशिक्षकाचा नव्हे. 2 ऑक्टोबर 2011 रोजी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा या दोन जिल्ह्यांना प्रथमच आपल्या नावाचा विद्यापीठ संघ मिळाला आणि पूर्वी नागपूरच्या संघात ज्यांना मोजक्या जागांसाठी झगडावे लागत होते त्या खेळाडूंसमोर आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार उघडले. हा बदल प्रशासकीय वाटला तरी क्रीडेच्या दृष्टीने तो फार मोठा होता.

मार्गदर्शकांची घडण कोठे झाली, हेही येथे पाहिले पाहिजे. विदर्भातील शारीरिक शिक्षणाची परंपरा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाशी जोडलेली आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. या परंपरेत व्यायामशिक्षकाचे काम सर्व मुलांचे शरीर घडवण्याचे मानले जात असे. निवडक खेळाडूंना स्पर्धेसाठी तयार करणारा व्यावसायिक प्रशिक्षक ही वेगळी भूमिका 1961 मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाल्यानंतर देशात स्थिरावली. पहिल्या भूमिकेचे मोजमाप किती मुले मैदानावर आली यावरून, तर दुसरीचे किती पदके मिळाली यावरून करणे स्वाभाविक होते. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनव्याप्त जिल्ह्यांतील शिक्षकाला मात्र दोन्ही भूमिका एकट्याने निभवाव्या लागल्या, आणि त्याचे मूल्यमापन उत्तरोत्तर दुसऱ्या मापानेच होत गेले.

या मापाला शासकीय प्रतिष्ठा मिळाली ती पुरस्कारांमुळे. केंद्र सरकारने 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला आणि पहिल्याच वर्षी तो मिळालेल्या तिघांत कुस्तीचे मार्गदर्शक भालचंद्र भास्कर भागवत हे होते. शिष्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मिळवलेली पदके हा या पुरस्काराचा मुख्य आधार राहिला. महाराष्ट्रात शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कारांमध्ये मार्गदर्शकांचा वेगळा विभाग आहे, आणि जिल्हा पातळीवर गुणवंत क्रीडा मार्गदर्शक पुरस्कार दिला जातो, ज्यासाठी मार्गदर्शकाच्या खेळाडूंनी कोणत्या स्तरावर कोणते स्थान मिळवले हे पाहिले जाते. राज्य सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण लागू झाल्यावर स्पर्धेतील क्रमांकाला उपजीविकेचे मोलही आले, आणि ज्या भागात नोकरीच्या वाटा थोड्या होत्या तेथे पालक व विद्यार्थी मार्गदर्शकाकडे नव्या अपेक्षेने पाहू लागले. ही अपेक्षा रास्त होती.

खेळांची निवडही या जिल्ह्यांत भूगोलाने ठरवली. बास्केटबॉलला पक्के मैदान, फळ्या आणि कड्या लागतात; कबड्डी आणि खो-खो यांना साफ केलेली माती पुरते. कबड्डीला 1961 मध्ये विद्यापीठीय आणि 1962 मध्ये शालेय स्पर्धांत स्थान मिळाले, त्यामुळे गावातील मातीवर खेळणाऱ्या मुलामुलींना अधिकृत स्पर्धेची शिडी उपलब्ध झाली. ही शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांची असून दोन्ही जिल्हे नागपूर विभागात मोडतात.

तिच्याशेजारी आदिवासी विकास विभागाची दुसरी शिडी आहे. 1970 च्या दशकापासून वाढत गेलेल्या शासकीय आश्रमशाळा, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळा, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या अखत्यारीत येतात. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर हे या भागातील पाच प्रकल्प होत. प्रकल्पस्तर, विभागस्तर आणि राज्यस्तर अशा क्रमाने होणाऱ्या त्यांच्या स्पर्धांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणे, उड्या आणि फेकीचे प्रकार खेळवले जातात. आश्रमशाळेचे एक वैशिष्ट्य क्रीडेला विशेष अनुकूल ठरले: मुले तेथेच राहत असल्याने पहाटेचा आणि सायंकाळचा सराव सलग घेता येतो. जेथे स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसतो तेथे हे काम वर्गशिक्षकाकडे किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाकडे येते. मुलांच्या जेवणाची, आजारपणाची आणि सुट्टीनंतर गावी राहून गेलेल्या मुलांना परत आणण्याची काळजी वाहणाराच त्यांचा मार्गदर्शकही असतो.

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, ही गोष्ट शहरातील वाचकाला किरकोळ वाटेल. परंतु पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि त्या काळात तालुक्याबाहेरच्या स्पर्धेला संघ नेणे हे खेळातील कौशल्यापेक्षा कठीण काम होऊन बसते. सिरोंच्यापासून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, आणि संपूर्ण गडचिरोली जिल्ह्यात वडसा हेच रेल्वेचे जुने स्थानक आहे. अशा ठिकाणाहून बारा मुलींचा कबड्डी संघ वेळेवर जिल्हास्तरावर पोहोचवणाऱ्या शिक्षिकेचा संघ पहिल्याच फेरीत हरला, तर बाद पद्धतीच्या हिशेबात तिची नोंद एका पराभवापुरतीच होते. साखळी पद्धतीत, म्हणजे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळेल अशा रचनेत, निदान अनेक सामन्यांचा अनुभव पदरी पडतो. परंतु वेळ आणि खर्च यांमुळे खालच्या स्तरांवर बाद पद्धतीच सोयीची ठरत आली आहे. जेथे अनुभवाची गरज सर्वाधिक तेथेच तो सर्वांत कमी मिळावा, हा या रचनेतील खरा अन्याय होय.

अंतिम टप्प्यावरून मोजण्याच्या सवयीची कसोटी 2018 मध्ये एका वेगळ्या क्षेत्रात लागली. आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासन यांच्या ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे विद्यार्थी एव्हरेस्ट मोहिमेसाठी निवडले गेले आणि त्यांतील पाच जणांनी मे 2018 मध्ये शिखर गाठले. हे यश असामान्य होते व त्याचा गौरव योग्यच झाला. परंतु कडे चढण्याचे प्राथमिक शिक्षण, पुढे दार्जिलिंग व लडाख येथील सराव आणि टप्प्याटप्प्याने झालेली निवड यांतून गेलेल्या इतर मुलांचेही प्रशिक्षण तितकेच खरे होते. हवामान, प्रकृती आणि सुरक्षिततेचा निर्णय यांवर जेथे शेवटचे पाऊल अवलंबून असते तेथे शिखरावरील संख्येने प्रशिक्षकाचे कौशल्य मोजता येत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा भरल्या आणि देशभरातील धावपटू चंद्रपूर जिल्ह्यात आले. कृत्रिम धावपट्टीची सोय झाल्याने येथील मार्गदर्शकांची एक जुनी उणीव भरून निघाली, तरी नोंदींची उणीव कायम आहे. खेळाडूच्या प्रमाणपत्रावर त्याचे नाव, शाळा, खेळ, वयोगट आणि क्रमांक असतो. मार्गदर्शकाचे नाव त्यावर येत नाही, आणि खेळाडू आश्रमशाळेतून महाविद्यालयात, तेथून विद्यापीठ संघात गेला की पहिल्या शिक्षकाशी त्याचा कागदोपत्री संबंध उरत नाही. या जिल्ह्यांतील क्रीडेचा इतिहास लिहायचा तर निकालपत्रकांच्या जोडीने शाळांची हजेरीपुस्तके, संघ पाठवल्याचे आदेश, प्रवासखर्चाची देयके आणि शाळांच्या वार्षिक अहवालांतील ओझरते उल्लेख एकत्र करावे लागतील, कारण कोणत्या शिक्षकाने कोणत्या वर्षी किती मुले मैदानावर आणली, हे त्याच कागदांत सापडण्याची शक्यता आहे.