डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी

तेलंगणातील झहीराबाद परिसरात दलित, भूमिहीन आणि अल्पभूधारक स्त्रियांचे गावोगावी संघ बांधून शेती, बियाणे, धान्यसाठा व प्रसारमाध्यमे त्यांच्या हाती ठेवणारी स्वयंसेवी संस्था. स्थापना १९८३. मुख्य ठाणे पस्तापूर (संगारेड्डी जिल्हा, २०१६ पूर्वी मेदक जिल्हा). सुमारे ७५ गावांत पसरलेल्या या कामात ५,००० च्या आसपास स्त्रिया सभासद आहेत. गावातील गटाला तेलुगूत ‘संघम’ म्हणतात. साखर कारखाना किंवा दूध संघ ज्या अर्थाने सहकारी असतो त्या अर्थाने हे संघम सहकारी नाहीत. भागभांडवल, निवडणूक, सहनिबंधक अशी रचना येथे नाही. पण धान्य, बियाणे, पैसा आणि श्रम एकत्र करून गरजेप्रमाणे वाटून घेणे हा सहकाराचा गाभा येथे पुरेपूर आहे. महाराष्ट्रातील सहकार बव्हंशी ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्यापासून सुरू झाला. झहीराबादचा प्रयोग ज्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांच्यापासून सुरू झाला, आणि त्याचे महत्त्व येथेच आहे.

सोलापूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर उमरगा, हुमनाबाद मागे टाकले की झहीराबाद लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा भाग आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. ज्वारी, तूर, करडई, जवस ही पिकेही दोन्हीकडे सारखीच. जमीन कोठे काळी, कोठे जांभ्याची तांबडी. शेती बहुतेक कोरडवाहू. जमीन सुधारणांत दलित कुटुंबांच्या वाट्याला जे तुकडे आले ते बहुधा दगडगोट्यांचे, माती वाहून गेलेले. त्यातून पोटापुरते निघत नसे, म्हणून ते पडीक राहात आणि मालक दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाई. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ देणे सुरू केले. उपाशी घराला त्या तांदळाने आधार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो तांदूळ मुख्यतः कृष्णा-गोदावरीच्या बागायती पट्ट्यातला होता. कोरडवाहू गावातल्या ज्वारी-राळ्याला त्या व्यवस्थेत जागा नव्हती. पेरायचे कशाला, असा प्रश्न पडून पडीक रान वाढले. त्याबरोबर शेतातली मजुरी गेली, गुरांचा कडबा गेला आणि ताटातले पौष्टिक धान्यही गेले.

संस्थेच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश (१९४५–२०२३) हे तिचे अखेरपर्यंत संचालक होते. मूळचे म्हैसूरचे, पेशाने पत्रकार. दूरदर्शनसाठी ग्रामीण कार्यक्रम करताना त्यांनी खेडी जवळून पाहिली होती. आरंभी संस्थेने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पुरुषांचे गट केले. ते काम रुजले नाही. पुढे स्त्रिया आल्या आणि संस्थेची दिशा बदलली. दिवसाची कामे उरकल्यावर रात्री बैठक, थोडी थोडी बचत, गावातल्या जमीनदाराकडून सामुदायिक खंडाने घेतलेली जमीन, बांधबंदिस्ती, शेणखत, झाडे लावणे असा क्रम सुरू झाला. अनुसूचित जातींसाठी असलेल्या सरकारी योजनांचा उपयोग करून काही संघमांनी जमिनी विकतही घेतल्या.

या कामाचा कणा म्हणजे सामुदायिक धान्यनिधी. १९९० च्या दशकाच्या मध्यास केंद्रीय ग्रामविकास खात्याच्या साहाय्याने तीसेक गावांत तो उभा राहिला. अडीच हजारांहून अधिक एकर पडीक किंवा जेमतेम पिकणारी जमीन त्यासाठी निवडली गेली. मालकाला नांगरट, खत, बियाणे, खुरपणी अशा टप्प्यांनी उचल मिळे. फेड मात्र पैशात नव्हती. पुढील काही वर्षे ठरलेल्या मापाने ज्वारी संघमकडे घालायची होती. कामावर देखरेख ठेवायला गावोगावी स्त्रियांच्या समित्या होत्या. कोणत्या रानात खत पडले, कोठे खुरपणी राहिली, हे त्या जाऊन पाहात आणि काम झाल्यावरच पुढचा हप्ता सोडत. पहिल्याच हंगामात सुमारे ८ लाख किलो ज्वारी जास्तीची पिकल्याची नोंद संस्थेने केली आहे. कडबा झाला, मजुरी झाली, ते वेगळेच.

जमा झालेली ज्वारी गावाबाहेर जात नसे. राख आणि कडुनिंबाचा पाला घालून ती गावातच साठवली जाई आणि पावसाळ्यात, म्हणजे हाताला काम व घरात दाणा नसण्याच्या दिवसांत, गरीब घरांना बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावाने मिळे. विक्रीचा पैसा निधीत परत येई. गरीब कोण, हे ठरवण्याची रीत या योजनेत सर्वांत विचारपूर्वक आखलेली होती. संघमच्या स्त्रिया चौकात जमिनीवर रंगीत पूड आणि रांगोळीने गावाचा नकाशा काढत. एकेक घर घेऊन सर्वांसमक्ष चर्चा होई: जमीन आहे का आणि ती कसली, घरात मिळवते किती, बाई एकटी आहे का, मूल सालदार म्हणून ठेवले आहे का, पावसाळ्यात चूल रोज पेटते का. त्यावरून घराची प्रतवारी ठरे आणि जो सर्वांत खाली त्याला जास्त ज्वारीचे कार्ड मिळे. दारिद्र्यरेषेची यादी कचेरीत तयार होते तेव्हा तिच्यात कोण घुसतो आणि कोण सुटतो, हे प्रत्येक गावाला माहीत असते. येथे यादीच शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत होत असल्याने खोटेपणाला वाव थोडा राहिला. रेशन पिकवणारे, साठवणारे, वाटणारे आणि खाणारे एकाच गावचे, अशी ही व्यवस्था होती. सार्वजनिक वितरणाला दिलेले इतके सुविहित उत्तर देशात फार ठिकाणी सापडत नाही.

शेतीची पद्धत मिश्र पिकांची. एका एकरात ज्वारी, बाजरी, राळा, कुटकी, तूर, मूग, उडीद, हुलगा, चवळी, अंबाडी अशी दहा-वीस पिके एकत्र उभी असतात. पाऊस लवकर गेला तर काही जातात, काही तगतात; घर रिकामे राहात नाही. रब्बीत पावसावाचून, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर येणाऱ्या ज्वारी, हरभरा, जवस, करडई, लाख या पिकांना तेथील शेतकरी ‘सत्यम पंटलू’, म्हणजे सत्याची पिके म्हणतात. रासायनिक खत व कीटकनाशक वर्ज्य आहे. तणनाशकाला असलेला विरोध तर थेट ताटाशी जोडलेला आहे. तांदुळजा, घोळ, कुर्डू अशा न पेरता उगवणाऱ्या भाज्या निंदणीच्या वेळी ओट्यात भरून घरी येतात आणि गरीब घरात लोह व जीवनसत्त्वांची मोठी भरती त्यांतूनच होते. पिकाच्या उत्पादनाचे आकडे मोजताना या भाजीचा हिशेब कोणी धरत नाही. संस्थेने मात्र या वनस्पतींच्या नोंदी केल्या.

बियाणे राखणे हे स्त्रियांचे खास क्षेत्र. बांबूची टोपली शेण आणि मातीने आतबाहेर लिंपून वाळवतात. खळ्यावर येण्याआधीच उभ्या पिकातून निवडलेल्या कणसांचे दाणे राखेत घोळून, कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत त्यात भरतात आणि तोंड मातीने बंद करतात. गावच्या बीजकोशातून बियाणे न्यायचे आणि सुगीनंतर दुप्पट परत आणायचे, असा नियम आहे. पैशाचा संबंध नाही. ऐंशीच्या वर स्थानिक वाण अशा रीतीने पुन्हा चलनात आले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी केलेले देशी वाणांच्या जतनाचे काम याच जातीचे आहे. दोन्ही कामे स्वतंत्रपणे उभी राहिली, पण दोन्हींत बियाणे घरच्या बाईच्याच हाती राहिले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संक्रांतीच्या सुमारास सजवलेल्या बैलगाड्यांतून मातीच्या मडक्यांत बियाणी मांडून महिनाभर गावोगाव फिरवण्याची ‘पात पंटल जातरा’ (जुन्या पिकांची जत्रा) भरते. वाजतगाजत गाड्या वेशीत येतात, गावकरी त्यांचे स्वागत करतात, मग पिकांवर बैठक होते.

माध्यमांचे काम स्वतंत्र नोंदीच्या योग्यतेचे आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांनी १९९० च्या दशकात व्हिडिओ कॅमेरा हाती घेतला. वरून खाली रोखलेल्या चित्रणाला त्यांनी पटेलाचा (म्हणजे जमीनदाराचा) शॉट म्हटले, खालून वर पाहणाऱ्याला गुलामाचा, आणि डोळ्याला डोळा भिडवणाऱ्याला संघमचा. त्यांचे बरेचसे चित्रण संघमच्या शॉटचे आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाल्यावर वरंगळ भागातील शेतकऱ्यांचे नुकसान त्यांनी शेतात जाऊन टिपले आणि तो माहितीपट परदेशांतही दाखवला गेला. माचनूर गावी युनेस्कोच्या मदतीने रेडिओ केंद्र १९९० च्या दशकाच्या शेवटी बांधून तयार होते, पण परवाना नव्हता. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून त्यांच्या कॅसेटी संघमांमध्ये ऐकवण्यात वर्षे गेली. २००६ मध्ये केंद्राने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ खुला केला आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी, जागतिक ग्रामीण महिला दिनी, ‘संघम रेडिओ’ हवेत गेला. उद्घाटनाला न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा १९९५ चा निकाल देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठावर ते होते. त्या निकालाचे फळ दलित शेतकरी स्त्रियांच्या हाती पडताना त्याचे एक कर्ते मराठी न्यायमूर्ती तेथे हजर असावेत, हे उचितच झाले. नरसम्मा नावाच्या दोन स्त्रियांनी केंद्र चालवले. पेरणी, आजार, ओव्या, पाककृती, गावची भांडणे असा त्याचा मजकूर आणि भाषा झहीराबादची बोली.

संस्थेच्या पुढाकाराने देशभरातील भरडधान्य उत्पादकांचे ‘मिलेट नेटवर्क ऑफ इंडिया’ उभे राहिले. भरडधान्य रेशनवर आणा, ही त्यांची मागणी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलो दराने देण्याची तरतूद झाली. २०१९ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. त्याच वर्षी १९ मार्चला सतीश यांचे निधन झाले.

या कामाला मर्यादाही आहेत. धान्यनिधीची सुरुवात सरकारी व देणगीच्या पैशावर झाली, आणि त्याचे रूपांतर राज्यभराच्या धोरणात झाले नाही. कायद्यात तरतूद असूनही बहुतेक रेशन दुकानांत आजही तांदूळ-गहूच मिळतो. राळा, कुटकी यांचे टरफल काढणे हे फार कष्टाचे काम. गावात यंत्र नसेल तर ते उखळ-मुसळावर, म्हणजे पुन्हा बाईच्याच दंडावर येते. झहीराबादच्या आसपास ऊस आणि कापूस वाढला, आणि संघम चालवणाऱ्या पहिल्या पिढीतील स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. शहरांतील दुकानांत भरडधान्याला आता चांगला भाव आहे. मात्र तो भाव शेतातल्या बाईपर्यंत पोचण्यासाठी बियाणे, साठा आणि विक्री तिच्याच संघमकडे राहणे आवश्यक आहे. झहीराबाद शहरात संघमांचे धान्य थेट ग्राहकाला विकण्याची जी व्यवस्था संस्थेने उभी केली, ती याच हेतूने.