नांदेड–लातूर : आकाशमार्गानें किती दूर ?

श्रोत्यांनीं मराठवाड्याचा नकाशा पुढें घेऊन नांदेड व लातूर येथील विमानतळांवर पट्टी ठेवावी. सरळ रेषेंत अंतर सुमारें १२४ किलोमीटर, म्हणजे ७७ मैल भरतें. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून मुंबईस टपाल आणलें, तें पुस मॉथ विमान ताशीं शंभर मैलांच्या आसपास चाले. त्या चिमुकल्या यानासही हा पल्ला पाऊण तासाचाच. अलीकडचें साठ-सत्तर उतारूंचें पंख्याचें विमान ताशीं ५०० किलोमीटर जातें. त्यास पंधरा मिनिटें पुरावींत. परंतु चढणें, उतरणें आणि धांवपट्टीवरील चाल धरली कीं अर्धा तास सहज होतो. विमान पुरतें वर जातें न जातें, तोंच त्यास खालीं यावें लागतें !

जमिनीवरील इतिहास याहून विलक्षण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत दोन्ही गांवें निजामाच्या एकाच राज्यांत होतीं. पण लोहमार्गांनीं त्यांचीं तोंडें निरनिराळ्या दिशांस वळविलीं. मनमाड–सिकंदराबाद हा मीटर रुंदीचा मार्ग नांदेडास १९०० च्या सुमारास लाभला. लातुरास १९११ मध्यें बार्शी लाइट रेल्वे पोंचली. तिच्या रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट, आणि तिची ओढ इंग्रजी मुलखांतील कुर्डुवाडीकडे. त्या काळीं लातूरचें पोतें रेल्वेनेंच नांदेडास धाडावयाचें, तर कुर्डुवाडीस तें रुंद रुळांच्या गाडींत चढवावें, मनमाडास पुन्हां उतरवून मीटर रुंदीच्या गाडींत भरावें. सत्त्याहत्तर मैलांसाठीं तीन जातींचे रूळ ! एकाच राजाच्या प्रजेनें ही यातायात मुकाट्यानें सोसली.

आकाशाचा उपयोग संस्थानानें जाणला नव्हता, असें नव्हे. १९४५ मध्यें हैदराबादेस डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. १९४८ मध्यें तर सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रें आणी, व त्याचीं विमानें बिदरासारख्या ठिकाणीं उतरत. बिदर या दोन्ही गांवांस फारसें लांब नाहीं. मराठवाड्याच्या माथ्यावरून बंदुका उडत गेल्या. टपालाची थैली मात्र बैलगाडीनें वा मोटारीनें जाई.

नांदेडचा विमानतळ १९५८ चा, लातूरचा १९९१ चा. नांदेडास गुरु गोविंदसिंग यांनीं १७०८ मध्यें देह ठेवला; २००८ च्या त्रिशताब्दीच्या वेळीं तेथील धांवपट्टी व इमारत यांना नवें रूप मिळालें. एप्रिल २०१७ मध्यें ‘उडान’ योजनेंत नांदेड हैदराबादेशीं जोडलें गेलें. लातुरास असा नेमाचा वाहता मार्ग टिकला नाहीं. दोहोंमधील विमान मुंबईच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून उतरलें तरच परवडेल. केवळ या दोन गांवांपुरतें चालविणें हा खर्चाचा खेळ होय. विमानतळावर तासभर आधीं पोंचणें आणि उतरल्यावर पुन्हां गांवांत जाणें हिशेबांत धरा, मग अर्ध्या तासाचे अडीच तास होतात. एस. टी. लोहा, अहमदपूर, चाकूर घेत जवळजवळ तेवढ्याच वेळांत, फार तर तासभर उशिरा, लातुरास उतरविते, तीही गांवांतच.