आजची काठी, उद्याचे बेट

दिवाळी अंक हाती आला की कोणी आधी मुखपृष्ठ पाहतो, कोणी राशिभविष्य. कागदाकडे कोणाचे लक्ष जात नाही. मला मात्र कागद दिसला की चांद्याचा बांबू आठवतो. १९४५ साली बल्लारपूरला कागद-गिरणी स्थापन झाली आणि पुढे कित्येक वर्षे या रानातल्या बांबूचा लगदा होऊन तो वह्या-पुस्तकांतून घरोघर गेला.

बांबू हे विलक्षण गवत आहे. त्याचा कोंब पावसाळ्यात फुटतो, त्याच पावसाळ्यात पुरी उंची गाठतो. पुढची दोन-तीन वर्षे तो नुसता टणक होत राहतो. नवा कोंब बहुधा कोवळ्या काठीच्या बुडाशी येतो, म्हणून जुनी तोडावी आणि कोवळी राखावी, हा साधा हिशेब. पण जुनी काठी असते बेटाच्या पोटात, गुंत्यात; कोवळी असते कडेला, अगदी हाताशी! ज्याला नगावर मजुरी मिळते आणि या बेटाशी पुन्हा कधी यायचे नाही, तो कोणती तोडील?

माझ्या मते या भागाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नात आहे.

नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. चार वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, बाबुराव शेडमाके यांना चांद्यास फाशी झाली. मग १८६४ साली वनखाते आले, १८७८ साली कडक कायदा आला. साहेबाला दूरदृष्टी नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. सागवान मोठे व्हायला माणसाचे सबंध आयुष्य पुरत नाही. तरी त्याने पुढच्या पिढ्यांच्या लाकडाचे आराखडे कागदावर मांडले. आलापल्लीजवळ १९५३ पासून न तोडता राखलेले सहा हेक्टरांचे 'वनवैभव' पाहावे. त्याला २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. पण त्या आराखड्यांत झाडाला उद्या होता, झाडाखालच्या माणसाला नव्हता. तो एक तर मजूर, नाहीतर चोर.

वर, 'हे लोक उद्याचा विचार करीत नाहीत,' हा शेरा आहेच! चैत्रात पहाटे मोहफुले वेचून, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवणाऱ्या बाईला हे सांगावे म्हणजे मौजच. गळलेले फूल ती उचलते; झाडाला कुऱ्हाड लावीत नाही, कारण त्याची फळे नंतर तेलासाठी हवी असतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले आणि गावांना आपले जंगल मागता येऊ लागले. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टरांचा हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाने २००९ सालीच अर्ज केला होता. त्याला २०१२ पर्यंत थांबावे लागले. हक्क मिळाला १००६ हेक्टरांवर.

आता पाहा. बांबू विकून गावाला घरबसल्या काम मिळू लागले, म्हणजे आजची सोय झाली. जंगलाचा एक तुकडा मुळीच न तोडण्यासाठी बाजूला काढला. आणि तेंदूपत्ता? उन्हाळ्यात रोख पैसा देणारे ते पीक. पण कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून फांद्या छाटतात, खाली आग लावतात. त्यात रोपटी जळतात, झाडाला फळ धरत नाही. पाचगावाच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. हातचा पैसा गरीब गावाने सोडला, आणि तो कोणा अधिकाऱ्याच्या हुकुमावरून नव्हे. अशा सभेत काय वाद झाले असतील याची कल्पना वाचकांनी करावी. आपल्या घरी दिवाळीच्या बोनसवरून काय होते ते आठवले तरी पुरे.

न छाटलेल्या तेंदूला टेंभरे धरतात. पिकली की पिवळी, गोड, किंचित तुरट. ती पोरे खातात, पाखरे खातात, आणि अस्वलाची तर ती फार आवडती.