मांडवीकाठची सत्तावास्तू : पणजीच्या आदिलशाही राजवाड्याचे बदलते उपयोग

बहमनी राज्याच्या विघटनाचा विचार जुन्नर परिसरातील अभ्यासक साहजिकच मलिक अहमदपासून सुरू करतो. १४९० च्या सुमारास त्याने जुन्नर येथे निजामशाहीचा पाया घातला. त्याच सुमारास युसूफ आदिलखान विजापुरात स्वतंत्र झाला. जुन्नरचे सामर्थ्य घाटवाटांवर उभे होते, तर विजापूरला समुद्राकडे जाणारी वाट हवी होती. अरबस्तान व इराणहून येणारे घोडे गोव्याच्या बंदरात उतरत आणि दख्खनच्या लष्करी सत्ता या घोड्यांवर अवलंबून असत. ती वाट राखण्यासाठी मांडवी नदीच्या डाव्या तीरावर, मुखापासून थोडे आत, पणजी येथे आदिलशाहीची एक तटबंद वास्तू उभी राहिली. प्रस्तुत लेखात या एकाच वास्तूच्या गेल्या पाच शतकांतील उपयोगांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. तिच्या आजच्या प्रचलित नावामुळे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा कालखंड झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'राजवाडा' या शब्दाने गैरसमज होण्याचा संभव आहे. आरंभीच्या काळात या वास्तूचे प्रयोजन निवासापेक्षा संरक्षणाचे अधिक होते. खाऱ्या पाण्याचा खंदक आणि नदीवर रोखलेल्या तोफा ही तिची प्रमुख अंगे होती. १५१० च्या आरंभी आफोन्सो द आल्बुकर्कने गोव्यावर चाल केली तेव्हा त्याचा पुतण्या आंतोनियो द नोरोन्या याने प्रथम पणजीचा हा कोट घेतला. मे महिन्यात आदिलशाही फौजेने गोवा परत जिंकला. पोर्तुगीज जहाजांवर पळून गेले. परंतु पावसाळा सुरू झाल्याने नदीमुखातून समुद्रात जाणे अशक्य झाले. ऑगस्टपर्यंत त्यांचा काफिला मांडवीतच अडकून पडला. जहाजांवर अन्नाचा तुटवडा आणि तीरावरून पणजीच्या तोफांचा मारा, अशी त्यांची कोंडी झाली होती. अखेर आल्बुकर्कला या कोटावर रात्री छापा घालणे भाग पडले. वास्तूची जागा किती विचारपूर्वक निवडली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही. २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा कायमचा पोर्तुगीजांकडे गेला. म्हणजे ज्या राजवटीचे नाव ही वास्तू आजही मिरवते, त्या राजवटीच्या ताब्यात ती फार तर दोन दशके होती.

पुढील अडीचशे वर्षे सत्तेचे केंद्र नदीच्या वरच्या अंगाला, आज ज्याला जुने गोवे म्हणतात त्या नगरात राहिले. पणजीच्या वास्तूला दुय्यम स्थान मिळाले. येणारे व जाणारे व्हाइसरॉय येथे काही काळ मुक्काम करीत. साथीच्या रोगांनी जुने नगर ओस पडू लागले, तसे हे चित्र पालटले. व्हाइसरॉय कोंद द एगा याने १७५९ मध्ये आपले निवासस्थान पाणेली येथून पणजीच्या या वास्तूत आणले. १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला 'नोव्हा गोवा' या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला. राजधानी प्रथम एका इमारतीत आली आणि शहर नंतर तिच्याभोवती वाढले, असा हा क्रम आहे. आज दिसणारी उतरती कौलारू छपरे आणि लाकडी खिडक्यांच्या रांगा ही मुख्यतः पोर्तुगीज काळातील फेरबांधणीची देणगी होय. तरीही पोर्तुगीज तिला 'पालासियु दु इदालकांव', म्हणजे आदिलखानाचा वाडा, असेच म्हणत राहिले. आदिलशाहीचे नाव टिकले ते तिच्या शत्रूंच्या तोंडी, हा इतिहासाचा एक गमतीचा भाग.

१९१८ मध्ये गव्हर्नरचे निवासस्थान काबो येथे हलले व येथे केवळ सचिवालय उरले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. व्हाइसरॉयांच्या तैलचित्रांची मालिका जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात गेली. ९ जानेवारी १९६४ रोजी लोकनियुक्त विधानसभेची पहिली बैठक या वास्तूत भरली. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर होते आणि विरोधी बाकांवर जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता.

मराठी वाचकाच्या दृष्टीने हाच काळ सर्वाधिक महत्त्वाचा आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही, हा वाद या सभागृहात गाजला. त्याचा निर्णय मात्र सभागृहाने नव्हे, तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाने दिला. स्वतंत्र अस्तित्वाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांचे हे अंतर निर्णायक होते. पण विलीनीकरण मागणारा समाज लहान नव्हता, हेही तेच आकडे सांगतात. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी याच विधानसभेने राजभाषा विधेयक संमत केले. देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद झाली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला.

दरम्यान नदीशी असलेले नाते बदलत होते. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला आणि काही वर्षे होड्या व फेरीबोटींना पूर्वीचे महत्त्व पुन्हा आले. १९९२ मध्ये नवा पूल खुला झाला. जो सत्ताधीश पाण्यावाटे येत होता, त्याला नदीकाठची वास्तू हवी होती. मोटारीने येणाऱ्या लोकप्रतिनिधीला ती असण्याचे कारण राहिले नाही. २००० मध्ये विधानसभा पलीकडच्या तीरावरील पर्वरीच्या पठारावर गेली.

त्यानंतर या वास्तूत प्रदर्शने भरू लागली. २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सवानेही तिचा उपयोग केला. वास्तू वापरात राहिली, ही समाधानाची बाब आहे. मात्र 'आदिलशाही राजवाडा' हे नाव ऐकून येणारा प्रवासी सुलतानाचे अवशेष शोधतो आणि त्याला व्हाइसरॉयांच्या खिडक्या दिसतात. छत्तीस वर्षे येथे निवडून आलेले सभासद भाषेवर व भूमीवर भांडले, हे त्या नावातून त्याला कळत नाही. पणजीतील जुन्या लोकांच्या तोंडी असलेले 'जुने सचिवालय' हे रुक्ष नाव त्या दृष्टीने अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.