शार्कोंची हलणारी खुर्ची

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून पाच-सहा तासांचा प्रवास केलाय कधी? उतरल्यावर कंबर धरूनच चालावं लागतं. आता अशी कल्पना करा, की त्याच गाडीतून उतरलेला एक माणूस म्हणतोय, "आज कितीतरी दिवसांनी अंग हलकं वाटतंय." आणि त्याला पार्किन्सन्स आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात तो आजार.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तां शार्को यांच्या कानावर अगदी अशाच गोष्टी येत होत्या. फक्त एसटीच्या जागी रेल्वे आणि घोडागाडी. जेवढे धक्के जास्त, तेवढं नंतर बरं वाटतं, असं पेशंट सांगायचे. निरोगी माणसाला जे नकोसं होतं, तेच यांना हवंहवंसं!

शार्को म्हणजे त्या काळातले मेंदूविकारांचे सगळ्यात नावाजलेले डॉक्टर. या आजाराचं पहिलं नीट वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये केलं होतं, तेही फक्त सहा रुग्णांवरून. त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले. त्यांनी नाव दिलं 'शेकिंग पाल्सी', म्हणजे थरथरता पक्षाघात. शार्को म्हणाले, हा खरा पक्षाघात नाही आणि थरथर प्रत्येकाला असतेच असंही नाही. म्हणून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचंच नाव दिलं.

पार्किन्सन यांच्या व्याख्येतला एक तुकडा मला मात्र खटकत राहतो. इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात, असं त्यांनी व्याख्येतच लिहून ठेवलं. सहा जणांकडे बघून! आज आपल्याला माहीत आहे, की या आजारात नैराश्य आणि चिंता सर्रास आढळतात, काही जणांत तर हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून. पण बराच काळ हा 'हालचालींचा आजार' म्हणूनच पाहिला गेला.

तर शार्कोंनी काय केलं? पेशंटचं बोलणं हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी विजेवर हलणारी एक खुर्चीच करवून घेतली आणि 1892 मध्ये त्यावर व्याख्यान दिलं. पेशंटला त्यात अर्धा-अर्धा तास बसवायचे. काही बैठकांनंतर पेशंट सांगायचे, दुखणं कमी झालं, अंग हलकं झालं, रात्री झोप लागली. यातली एकही गोष्ट डॉक्टरला बाहेरून दिसत नाही, ती पेशंटच्या तोंडूनच ऐकावी लागते.

1893 मध्ये शार्को गेले आणि खुर्चीही मागे पडली. पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. 1960 मध्ये व्हिएन्नात या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं दिसलं, 1967 मध्ये लेव्होडोपाच्या मोठ्या डोसने रुग्ण पुन्हा हालचाल करू लागल्याचं दिसलं. औषध इतकं प्रभावी, की खुर्चीची आठवण कोण ठेवणार?

आठवण ठेवली शिकागोच्या ख्रिस्तोफर गेट्झ यांनी. 2012 मध्ये त्यांच्या गटाने हा प्रयोग पुन्हा केला. 23 रुग्ण, दोन गट. एका गटाला थरथरणारी खुर्ची, दुसऱ्याला न थरथरणारी, आणि दोघांनाही मन शांत करणारे आवाज ऐकवले. महिनाभराने दोन्ही गट सुधारले. थरथरण्याचा वेगळा असा फायदा दिसलाच नाही.

हा पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वहीत लिहिलं, 'निष्कर्ष: प्लासिबो. विषय संपला.' माझी घाई झाली होती. कारण 2001 मध्ये कॅनडातल्या एका गटाने पेट स्कॅन करून दाखवलं होतं, की या रुग्णांना औषध म्हणून नुसतं सलाईनचं पाणी टोचलं तरी मेंदूत खरोखरचं डोपामिन स्रवतं. बरं वाटेल या अपेक्षेवर ते स्रवतं. म्हणजे इथे 'नुसतं वाटणं' नावाचं काही वेगळं उरतच नाही. अर्थात म्हणून कुठल्याही खुर्चीला उपचार म्हणायची मुभा मिळत नाही. शार्कोंकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्रुटी राहतेच.

याच गेट्झ यांच्या नेतृत्वाखाली 2008 मध्ये या आजाराची मोजपट्टी नव्याने तयार झाली. तिचा पहिलाच भाग मनःस्थिती, चिंता, निरुत्साह, झोप, दुखणं यांचा आहे. थरथर आणि ताठरपणा तपासणं तिसऱ्या भागात येतं. अकरा वर्षांनी, 2019 मध्ये, हाँगकाँगमधल्या 138 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आठ आठवडे एका गटाने सजगतेसह योग केला, दुसऱ्याने ताण आणि ताकदीचे व्यायाम. हालचाली दोन्ही गटांच्या सारख्याच सुधारल्या. चिंता आणि नैराश्य मात्र योगाच्या गटात जास्त कमी झालं. नुसता तिसरा भाग मोजला असता, तर हा फरक हातातून निसटलाच असता.

पुण्यात हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांचे नृत्यवर्ग घेत आले आहेत. अशा वर्गाचा अभ्यास करायचा तर आधी काय विचारायचं, यावर सध्या माझं आणि गाईडचं वाजतंय. माझ्या पहिल्या मसुद्यात चालण्याचा वेग, तोल, पावलाची लांबी अशा बावीस नोंदी होत्या आणि 'वर्गानंतर कसं वाटतं?' हा प्रश्न सगळ्यात शेवटी, 'इतर' या रकान्यात. या आठवड्यात मी तो वर घेतलाय. गाईड म्हणतात, उत्तर कसं मोजणार ते आधी सांग.