बसणे आणि शिकणे

मराठीत शिकण्याची जवळजवळ प्रत्येक पायरी बसण्याची आहे. मूल अभ्यासाला बसते, परीक्षेला बसते आणि नापास झाले तर त्याच इयत्तेत पुन्हा बसते. ज्याची बैठक पक्की त्याची विद्या पक्की, असा घरोघरचा समज. दहावीच्या वर्षी मुलगा संध्याकाळी खेळायला खाली उतरला की आईचा जीव वरखाली होतो, तो याच समजापोटी. हा समज कितपत खरा, हे शोधू लागलो तेव्हा आम्हांस एक गंमत आढळली. जास्त वेळ बसल्याने मूल जास्त शिकते काय, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर प्रथम जेथे तपासला गेला, ती जागा कापडाच्या गिरणीची होती. म्हणून आम्ही शाळेच्या दारातून न शिरता गिरणीच्या फाटकातून शिरतो.

इंग्लंडात १८३३ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील ९ ते १३ वर्षांच्या मुलांना रोज दोन तासांची शाळा सक्तीची केली. ती शाळा कसली होती, हे फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या अहवालांत वाचावे. मुलाच्या हजेरीच्या दाखल्यावर कित्येक गुरुजी सहीऐवजी फुली मारीत, कारण त्यांना स्वतःलाच लिहिता येत नव्हते! १८४४ च्या कायद्याने यात सुधारणा झाली. दाखला गुरुजींनी स्वहस्ताक्षरात भरावा असे ठरले, आणि ८ ते १३ वर्षांच्या मुलांचे काम साडेसहा तासांवर आणून शाळा तीन तासांची झाली. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. या मुलांना ‘हाफ टाइमर’ म्हणत.

पुढे इन्स्पेक्टर आणि शिक्षक यांच्या जबान्यांतून एक चमत्कारिक गोष्ट बाहेर आली. दिवसभर बाकावर बसणाऱ्या मुलांइतकेच, किंबहुना पुष्कळदा अधिक, हे अर्ध्या वेळेचे विद्यार्थी शिकत होते. एडविन चॅडविक या अधिकाऱ्याने ही बाब उचलून धरली. हा गृहस्थ कामगारांचा लाडका नव्हे. १८३४ चा गरिबांविषयीचा निर्दय कायदा रचण्यात त्याचा हात होता, आणि त्याच्या नावाने मजूरवस्तीत बोटे मोडीत. पण येथे त्याने मोठ्या बारकाईने पाहिले. पाच ते सात वर्षांच्या मुलाचे लक्ष एका विषयावर सुमारे १५ मिनिटे टिकते, दहा ते बारा वर्षांच्या मुलाचे सुमारे २५ मिनिटे, असा त्याचा अंदाज होता. त्यापुढे मूल बाकावर असते, पण वर्गात नसते. मास्तर त्याला बसवून ठेवतो ते शिकण्यासाठी नव्हे, तर गप्प राहण्यासाठी. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात याच जबान्यांचा आधार घेऊन, श्रम, शिक्षण आणि व्यायाम यांची सांगड घालणारे उद्याचे शिक्षण या रोपट्यातून उगवेल, असे मांडले. गरिबांचा कायदा करणारा आणि मार्क्स एका मुद्द्यावर एकत्र यावेत, असे योग इतिहासात फार नाहीत.

आमच्या चळवळीतली माणसे हे ऐकून खूश होतात. आम्हीही पहिल्यांदा झालो होतो. पण हाच पुरावा मालकांच्याही फार उपयोगी पडला. मूल गिरणीत राबल्याने हुशार होते, मग त्याला सोडवायचे कशाला? लँकेशायरात ही पद्धत पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकली. १८९९ मध्ये हाफ टाइमचे किमान वय १२ झाले. आणि १९०९ मध्ये ते वाढवावे की नाही याचे मतदान सूतगिरणी कामगारांच्या संघटनांनी घेतले, तेव्हा आमच्याच भाईबंदांनी फार मोठ्या बहुमताने ‘नको’ म्हटले. पोराची अर्धी मजुरी घराला हवी होती. हे पान आम्ही युनियनच्या अभ्यासवर्गात वगळत नाही. १९१८ च्या शिक्षण कायद्याने ही पद्धत मोडली, आणि ती प्रत्यक्षात संपायला १९२१ साल उजाडले.

मुंबईत काय होते? १८८१ च्या कायद्याने सात वर्षांचे मूल गिरणीत नऊ तास राबू शकत होते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या पुढे केल्या. १८९१ च्या कायद्याने किमान वय ९ केले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तासांची मर्यादा घातली. आमच्याकडेही अशा मुलांना ‘हाफ टाइमर’च म्हणत. नाव तेवढे विलायतेहून आले, शाळा आली नाही. कायद्यात शाळेची सक्तीच नव्हती. भरलेल्या बॉबिनी उतरवणारी डॉफर पोरे साच्यांमधून धावत असत. बसायला कुठे मिळत होते? नुसत्या हालचालीने विद्या येत असती, तर गिरणगावातून पंडितांच्या पलटणी निघाल्या असत्या. चॅडविकच्या सिद्धांताला यासारखे दुसरे उत्तर नाही. थकलेले शरीर आणि ताजेतवाने शरीर यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आम्ही स्वतः रात्रशाळेत शिकलो. दिवसभर उभ्याने काम करून रात्री बाकावर टेकलो की गणिताच्या पहिल्या ओळीलाच डोळे मिटत. मास्तर समंजस होते, ते उभे राहून पाढे म्हणायला लावीत.

१९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची योजना निघाली. झाकिर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला दिली. गांधीजींनी बाकाची सत्ता मोडायचे ठरवले होते, पण पांढरपेशांना टकळी नको होती आणि कष्टकऱ्यांनाही आपले पोर टेबलखुर्चीवर बसलेले पाहायचे होते. योजना मागे पडली. कष्टकऱ्यांचे आम्हांला नवल वाटत नाही. ज्याचा बाप जन्मभर उभा राहिला, त्याच्या घरी बसणे ही प्रतिष्ठा असते.

बसण्याची किंमत काय पडते, हे मोजले गेले तेही कामगारांच्याच शरीरावर. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसतो, कंडक्टर जिना चढतो-उतरतो, दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या. जेरी मॉरिस या डॉक्टराने वाहतूक खात्यातील सुमारे ३१ हजार माणसांचा अभ्यास करून १९५३ मध्ये दाखवले की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो. बस तीच, रस्ता तोच. पुढे त्यानेच गणवेशांच्या मापांवरून शोधले की ड्रायव्हरांची कंबर आधीपासूनच जाड असे. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नसेल, अशी शंका त्याने स्वतःच काढली. असा प्रामाणिकपणा आम्हांला फार आवडतो. आपल्या मागणीपत्रकात आम्ही तो क्वचितच दाखवतो.

मुलांवरचे प्रयोग त्याच सुमारास सुरू झाले. १९५० नंतर पॅरिसजवळच्या व्हाँव्ह येथे एका वर्गाला सकाळी अभ्यास आणि दुपारी व्यायाम, मोकळ्या हवेतले खेळ असा क्रम लावला. पुढे १९७० ते १९७७ या काळात कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्रवा-रिव्हिएर येथे ५४६ प्राथमिक मुलांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाला रोज एक तास खेळाचे शिक्षण दिले आणि तो वेळ इतर विषयांतून, सुमारे तेरा-चौदा टक्के, कापून घेतला. पहिल्या वर्षी दुसरा गट किंचित पुढे होता. दुसऱ्या इयत्तेपासून खेळणारी मुले सरस ठरली. वेळ कापूनसुद्धा! ही मुले लहान होती, दहावीची नव्हती, एवढे मात्र ध्यानात धरावे.

मोठ्या मुलांविषयी अलीकडे जे हाती आले आहे, ते थोडे गुंतागुंतीचे आहे. पडद्यासमोर बसणे आणि अभ्यास यांवरील ५८ अभ्यासांचा एकत्र धांडोळा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यासमोरचा एकूण वेळ आणि गुण यांचा ठाम संबंध त्यात दिसला नाही. पण टीव्ही पाहणे आणि व्हिडिओ गेम यांचा संबंध कमी गुणांशी होता. म्हणजे बसणे-बसणे यांत फरक आहे. त्याच वर्षी दुसरी पाहणी निघाली. तिच्यानुसार २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी ८१ टक्के मुले रोजची तासभराची हालचालही करीत नव्हती. मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा वाईट होते, आणि आमच्या वस्तीत त्याचे कारण विचारायला पाहणीची गरज नाही. मुलगी घरी आली की ती एक तर भांड्यांवर असते किंवा पुस्तकावर. मैदानावर ती नसते.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे, पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीत बसणे वाढते, नेमका तेथेच तो थांबतो.

गेल्या जूनमध्ये आमच्या एका सभासदाने पतपेढीच्या कर्जासाठी अर्ज केला. कारण लिहिले होते, ‘मुलाची क्लासची फी’. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. आम्ही विचारले, पोरगा खेळतो केव्हा? तो जरा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “भाऊ, त्याला सकाळी बसने पाठवतो, पण येताना पैसे देत नाही. चालतच येतो तो.” अर्ज आम्ही मंजुरीसाठी पुढे पाठवला.